नणंद ओरडायची थांबली

"मागं हो! मागं हो, हात वर!" दारावरचा पहारेकरी कडू ओरडत होता, आणि त्याच्याही वरताण आवाजात चौकट किंचाळत होती.

प्रमिला चौकटीत थिजून उभी. दोन्ही हात वर, डोळे माझ्याकडे. डोक्यावर लाल दिवा गरगर फिरत होता आणि त्याचा उजेड तिच्या नव्या निळ्या साडीवरून रक्तासारखा ओघळत होता. मागं रांगेत आम्ही अकरा जणी झाडू-बादल्या ठेवून, हात धुऊन घरी निघालेल्या.

मी म्हटलं, "अरे कडू, हात वर काय करायला लावतोस? दरोडा घातलाय का तिनं?"

"भागीबाय, नियम आहे."

"नियम आहे तर हळू बोल. माझी सून आहे ती, तुझी म्हैस नाही."

ही चौकट म्हणजे प्लँटमधून बाहेर पडायची वाट. समुद्राकाठी आमच्या गावच्या वेशीला लागून वीज तयार करायचा तो कारखाना. अणूची वीज म्हणायचे. आत काम करताना अंगाला, कपड्याला काही चिकटून आलं तर चौकट ओरडते, एवढं आम्हांला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काय चिकटतं ते दिसत नाही, त्याला वास नाही, ते हाताला लागत नाही. आम्ही बायका त्या चौकटीला नणंद म्हणायचो. कारण सगळं नीट केलंत तरी तिच्या समोरून जाताना छातीत धडधडतंच.

पण सहा वर्षांत ती आमच्यावर कधी ओरडली नव्हती. माझ्यासकट बारा बायकांची टोळी, सफाईची. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, सही तेवढी येते. पण माझी बाई कुठल्या पाइपाला टेकली नाही, कुठल्या डबक्यात पाय घातला नाही, की लाल पट्टा ओलांडून गेली नाही. साहेबलोक दुसऱ्या टोळ्यांना सांगायचे, "पागधरेबाईंकडून शिका." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि घरी येईपर्यंत ते मनात घोळवायचे.

कडूनं हातातलं मीटर प्रमिलाच्या अंगावरून फिरवलं. ते कटकट कटकट करत होतं. पदराजवळ, पाठीजवळ, निऱ्यांजवळ. नुसतं पायाशी असतं तर म्हटलं असतं कुठंतरी पाय पडला. हे सगळीकडून होतं. जशी काही ती कशात तरी बुडून आली होती.

तिला बाजूच्या खोलीत बाकावर बसवलं. मीही बसले. तिनं माझा हात धरला. बोटं बर्फासारखी.

"आई, मी कशालाच हात लावला नाही."

"मला माहीत आहे. गप्प बस."

चाळीस मिनिटांनी कडूनं पुन्हा मीटर आणलं. कटकट नाही. पुन्हा चौकटीतून नेली. नणंद गप्प. जे काही होतं ते तिच्या अंगावरून उठून निघून गेलं होतं. कुणी पुसलं नाही, धुतलं नाही. आपणहून आलं, चाळीस मिनिटं बसलं आणि गेलं.

"हे बरं नाही," कडू पुटपुटला. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि प्रमिलाकडे परत पाहिलंच नाही.

आता मला जे ठाऊक होतं आणि तिथं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं, ते सांगते. प्रमिला पोटुशी होती. लग्नाला सात वर्षं झाल्यावर. तीन महिने पुरे व्हायला बारा दिवस होते. आमच्यात तीन महिने भरल्याशिवाय तोंडातून शब्द काढत नाहीत. नजर लागते. माझा मुलगा मुरली बोटीवर जायचा, त्याला सांगितलं होतं, पण त्याच्या तांडेलालासुद्धा सांगायचं नाही अशी ताकीद दिली होती. तीन महिने झाले की गावभर साखर वाटायची, आणि ज्या बायकांनी सात वर्षं माझ्या दारावरून जाताना सुस्कारे टाकले त्यांच्या हातावर मी स्वतः ती ठेवायची, असं मी ठरवलं होतं.

प्लँटच्या भिंतीवर मात्र पाटी होती. गरोदर बाईनं कळल्याबरोबर सांगायचं आणि आत यायचं नाही. प्रमिला सातवी पास, तिनंच ती पाटी मला वाचून दाखवली होती. मी म्हटलं, साहेबांचा नियम साहेबांच्या घरी. तुला घरी बसवलं तर उद्या अख्खा पाडा विचारील की का बसली. म्हणून मी काय केलं, तर तिला सगळ्यांत हलकं काम दिलं. जिने नाहीत, भरल्या बादल्या नाहीत. आतल्या लांब बोळाचं शेवटचं टोक. नुसतं झाडायचं आणि ओलं फडकं फिरवायचं.

त्या बोळात कुणी फारसं जायचं नाही. खिडकी नाही, पिवळ्या भिंती, पायाखालची जमीन सारखी थरथरायची, जशी काही खाली कुणी जातं फिरवतंय. टोकाला जाड लोखंडी दरवाजा, कायम बंद. त्याच्या शेजारी माणसाएवढं राखाडी कपाट. त्याच्या पोटात घुर्र घुर्र आवाज. वर काटा, काट्याखाली कागदाची गुंडाळी आणि तिच्यावर एक पेन सारखी रेघ ओढत असायचं. हिरवा दिवा. हवेत वाईट वायू आला तर हे कपाट हवा ओढून घेतं, हुंगतं आणि ओरडतं, असं साहेब सांगायचे. हिरवा दिवा म्हणजे हवा चांगली. मी त्या कपाटाला आठवड्यातून एकदा स्वतः पुसायचे. त्याच्या शेजारी सून असली म्हणजे मला निर्धास्त वाटायचं.

दुसऱ्या दिवशी नणंद पुन्हा ओरडली. पुन्हा प्रमिलावरच.

कमळी आरेकर माझ्या टोळीत सगळ्यांत जुनी. विधवा, जीभ माझ्यासारखीच. पाण्याच्या टाकीपाशी मला बाजूला ओढून म्हणाली, "भागीबाय, राग धरू नको. बायका बोलतायत."

"बायकांना दुसरं काय येतं?"

"चौकटीतून एक जाते आणि मशीनला दोन दिसतात, म्हणतायत."

 मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे त्या टोकाला प्लँट बांधताना वेल्डर मेला होता ना, वरून पडून. तो हिच्या पाठीवर बसून बाहेर येतो. चौकटीपर्यंत येतो, चाळीस मिनिटं बसतो, मग परत आत जातो. त्याला बाहेर पडायचंय गं."

मी तिला शिव्या दिल्या. अशा दिल्या की दोन बायका हसल्या. पण त्या दिवशी घरी जाताना मी प्रमिलाच्या मागून चालले, तिच्या पाठीकडे बघत. वेल्डरचं मला काही नव्हतं. मला दुसरीच भीती. ती चौकट माणसाच्या आतलं बघते की काय? मी जे लपवलं ते तिनं ओळखलं होतं का? एक जाते आणि दोन दिसतात.

तिसऱ्या दिवशी बोपर्डीकर साहेब आले. सुरक्षेचा विभाग त्यांच्याकडे होता. माणूस वाईट नव्हता, पण बोलताना आपल्याकडे न बघता आपल्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघायचा.

"मावशी, तुमची सून कशाला तरी हात लावते."

"नाही लावत."

"मग हवेतून आलं का?" ते हसले. "हवेचं मशीन तिथंच आहे, तिच्या शेजारी. हिरवा दिवा. मी रोज रिपोर्ट बघतो. हवा स्वच्छ आहे. म्हणजे तुमच्या बायकाच कुठंतरी घाण करतायत. आणखी एकदा वाजलं तर ही टोळी मला बदलावी लागेल."

सहा वर्षांत घाण हा शब्द माझ्यासाठी कुणी वापरला नव्हता. मी नुसती बादली उचलून निघाले. मी गप्प बसले की माझ्या बायका घाबरतात.

मी त्या दिवशी कमळीला प्रमिलाबरोबर त्या टोकाला पाठवलं. पाळत ठेव म्हटलं, कशाला हात लावते का बघ. संध्याकाळी दोघी बाहेर आल्या आणि नणंद दोघींवर ओरडली.

कमळी बाकावर बसून देवाचं नाव घ्यायला लागली. "माझ्याही पाठीवर बसला गं भागीबाय! मी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही!"

"जाऊ दे, आठवण करून देत नाही," मी म्हटलं.

पण माझा जीव भांड्यात पडला होता. कमळी पंचावन्न वर्षांची. तिच्या पोटात काही असायचं कारण नव्हतं. म्हणजे चौकट पोटातलं बघत नव्हती. मग काय बघत होती?

मी दोघींकडे बघत राहिले. माघातले दिवस, हवा कोरडी. कमळीनं साडी झटकली तशी ती चरचरली आणि पुन्हा तिच्या पोटऱ्यांना चिकटली. नायलॉनची साडी. संक्रांतीला एक फेरीवाला आला होता, सगळ्या जणींनी त्याच्याकडून घेतल्या होत्या. प्रमिलानं निळी, कमळीनं जांभळी. मी नाही घेतली. मी म्हटलं होतं, हे कापड आहे की माशाची खवलं? वरून आम्ही पांढरा कोट घालायचो, पण कोट गुडघ्यापर्यंत, आणि पदर बाहेरच. त्या जांभळ्या पदरावर केस, कापसाचे तंतू, झाडूची कुसं, सगळं येऊन बसलं होतं.

"उद्यापासून सुती," मी बाकावरून उठून सगळ्यांना सांगितलं. "बाराच्या बारा जणी. नायलॉन दिसलं तर अंगावर फाडीन."

दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी सुती लुगडी नेसून आल्या. जुनी, विटकी, धुऊन धुऊन मऊ झालेली. प्रमिलाला मी माझं हिरवं काठाचं लुगडं दिलं. संध्याकाळी रांग लागली. प्रमिला चौकटीत गेली. 

नणंद गप्प.

त्यापुढचे पाच दिवस गप्प. मी त्या चौकटीतून राणीसारखी जायचे. बोपर्डीकर साहेबांनी आमच्यासाठी चहा पाठवला, कपबशीत, पेल्यात नाही. म्हणाले, "काय जादू केलीत मावशी?"

मी म्हटलं, "आमच्या बायका घाण करत नाहीत साहेब, एवढंच."

साडीचं काही सांगितलं नाही. का सांगू? घाण म्हणाला होता ना. शोधू दे म्हटलं. प्रमिला रोज त्या टोकाला जात होती, झाडत होती, त्या हिरव्या दिव्याखाली बसून जमीन पुसत होती. तीन महिने पुरे व्हायला चार दिवस राहिले होते. मी साखर आणून ठेवली होती.

मग तो दिवस आला. आम्ही रांगेत होतो, एवढ्यात आतून बोपर्डीकर साहेब आले, घाईत. वरून कुणी पाहुणे यायचे होते, म्हणून ते बोळाच्या टोकाला सगळं नीटनेटकं आहे का बघायला गेले होते, तासभर तरी. टेरिलीनची पँट, टेरिलीनचा शर्ट, इस्त्रीची घडी सुरीसारखी. बायकांची रांग मोडून ते पुढं झाले आणि चौकटीत शिरले.

नणंद अशी किंचाळली की माझ्या हातातला डबा पडला.

"हात वर!" कडू सवयीनं ओरडला, आणि मग त्याच्या लक्षात आलं कुणाला म्हणतोय.

बायकांनी पदर तोंडात कोंबले. कमळी म्हणाली, "साहेब, घाबरू नका, चाळीस मिनिटांनी उतरतो." कडूनं मीटर लावलं. पँटीला कटकट, शर्टाला कटकट, सगळीकडून. साहेब लाल झाले.

"हे मशीन बिघडलंय," ते म्हणाले. "आधी बायकांवर वाजत होतं, आता माझ्यावर. पाहुणे यायचेत. बंद कर ते."

"बंद?"

"बंद कर. दुरुस्तीला लिही."

कडूनं भिंतीवरचा खटका खाली ओढला. लाल दिवा मंदावत मंदावत थांबला. चौकटीतला तो बारीक आवाज, जो इतकी वर्षं आम्हांला ऐकूसुद्धा यायचा नाही, तो गेला आणि तेव्हा कळलं की तो होता. नुसतं लोखंड उभं राहिलं. त्यातून पहिली प्रमिला गेली. काहीच झालं नाही. मेलेल्याच्या उघड्या डोळ्यांसमोरून जावं तसं वाटलं मला.

संध्याकाळी प्रमिला ओट्यावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी बोंबील साफ करत होते. तिनं ती निळी साडी हातात घेतली. सहा दिवस दोरीवरच पडली होती ती.

"आई, बघा ना," ती हसून म्हणाली, "किती धूळ ओढलीय हिनं. आणि बाजूला तुमचं हिरवं होतं, त्याच्यावर काही नाही."

"हं," मी म्हटलं.

"चांगलंच आहे म्हणा सुती. काही चिकटतच नाही."

"मग ती धूळ गेली कुठं?" मी सहज विचारलं.

"कुठं जाणार? हवेतच असते की."

माझा कोयता थांबला.

ती पुढं काहीतरी बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं. साहेबांची टेरिलीनची पँट. कमळीचा जांभळा पदर. ते कुठल्या पाइपाला लागलेलं नव्हतं. ते त्या बोळात, हवेत होतं, आणि नायलॉन त्याला ओढून घेत होतं. सुती ओढत नव्हतं, म्हणून चौकट गप्प झाली. पण माणसाचं नाक काही सुती नसतं. सहा दिवस प्रमिला तिथं श्वास घेत होती. सहाच दिवस का? पौष लागल्यापासून मी तिला तिथं ठेवलं होतं. तेव्हा आमच्यात कुणाकडे नायलॉन नव्हतंच. तेव्हा ओरडणार कोण?

एकच शहाणं मशीन होतं त्या प्लँटमध्ये, आणि त्याचं तोंड मी बांधलं होतं. एका लुगड्यानं.

"आई, हात कापला तुमचा," प्रमिला म्हणाली.

सकाळी मी तिला म्हटलं, "आज तू येऊ नको."

"का? लोक विचारतील, तुम्हीच म्हणता ना."

"विचारू देत."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मी तिची निळी साडी नेसले होते. माझ्या अंगाला नायलॉन पहिल्यांदा लागलं, ते अंगाला असं बिलगलं की मला शिसारी आली.

"आई, काय झालं? खरं सांगा."

मी चपला घातल्या आणि निघाले.

बोपर्डीकर साहेब आपल्या खोलीत होते. मी आत गेले आणि खुर्चीत बसले. त्या खोलीत मी कधी बसले नव्हते.

"साहेब, त्या बोळातली हवा वाईट आहे."

"मावशी, सकाळी सकाळी? हवेचं मशीन..."

"हिरवा दिवा. माहीत आहे. माझ्या घरी दत्ताच्या तसबिरीसमोरही हिरवा दिवा आहे. त्याला कुणी विचारत नाही हवा कशी आहे म्हणून."

"तुम्हांला यातलं कळत नाही."

"नाही कळत. मग काल तुमच्या पँटीला काय झालं होतं ते सांगा. तुम्ही कशाला हात लावला होता?"

 पहिल्यांदाच त्यांनी भिंत सोडून माझ्याकडे पाहिलं.

"ती चौकट चालू करा," मी म्हटलं. "मी ही साडी नेसून त्या टोकाला जाते. अर्धा तास उभी राहते. कशाला हात लावत नाही, हवं तर माझे हात बांधा. बाहेर येते. वाजली नाही तर उद्यापासून टोळी घेऊन जाते मी, तोंड दाखवणार नाही."

त्यांनी बराच वेळ पेन्सिल फिरवली. मग उठले.

त्या बोळात मी एकटी कधी उभी राहिले नव्हते. पाहुण्यांसाठी सगळे पलीकडच्या इमारतीत गेले होते. पिवळ्या भिंती, जमिनीची थरथर, आणि कपाटाची घुरघुर. मी हात पाठीमागं बांधून उभी. पेन रेघ ओढत होतं. मी त्या रेघेकडे बघत राहिले. समुद्रावर मी जन्म काढला, अशी रेघ मी कधी पाहिली नाही. झोपलेलं माणूससुद्धा वरखाली होतं. ही कुठंच हलत नव्हती. सरळ, सरळ, सरळ. आणि माझ्या पायाशी निळी साडी आपोआप हलत होती, वारा नसताना. माझ्याकडे काहीतरी येत होतं आणि बसत होतं. मला कळत नव्हतं, पण साडीला कळत होतं.

मी मनात म्हटलं, ये. माझ्यावर ये. म्हातारीवर बस.

बाहेर आले. चौकटीत पाय टाकला आणि नणंद किंचाळली. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर. कडूनं हात वर म्हटलं नाही. मीच केले.

साहेब स्वतः मीटर घेऊन पुढं आले, पदरावरून, पाठीवरून फिरवलं. मग मला बाकावर बसवून घड्याळ लावून बसले. दर पाच मिनिटांनी मोजायचे, लिहायचे. आकडा उतरत होता, त्यांचा चेहरा त्याहून लवकर. चाळीस मिनिटांनी त्यांनी वही मिटली.

"हे वायूचं पिल्लू आहे मावशी," ते हळू म्हणाले. "वायू स्वतः कशाला चिकटत नाही. त्याचं पिल्लू चिकटतं, आणि अर्ध्या-पाऊण तासात मरतं. म्हणून उतरायचं. मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं."

"मग का नाही कळलं?"

"मशीन नाही म्हणत होतं."

त्यांनी मेकॅनिकला बोलावलं, कपाट उघडलं. मी मागंच उभी होते, मला कुणी जा म्हटलं नाही. बोळातली हवा ओढून आणायची रबराची नळी मागच्या बाजूनं चिरून गळून पडली होती. कपाट चालू होतं, घुरघुरत होतं, पण स्वतःच्याच पोटातली हवा ओढत होतं आणि स्वतःच्याच पोटात सोडत होतं. आपलाच श्वास पुन्हा पुन्हा हुंगत होतं आणि म्हणत होतं, छान आहे, छान आहे. साहेबांनी नोंदवही काढली. दिवाळीपासून रोज एकच आकडा, आणि त्याच्याखाली रोज कुणाची तरी सही.

मग धावपळ झाली. बोळ बंद झाला, फोन वाजायला लागले. त्या गडबडीत साहेब माझ्याकडे वळले.

"या टोकाला तुमच्यापैकी कोण कोण काम करत होतं?"

"कमळी एक दिवस. बाकी रोज माझी सून."

"तिची तब्येत ठीक आहे ना? म्हणजे... काही विशेष नाही ना?"

तिथं कडू होता, मेकॅनिक होता, पाच-सहा पुरुष होते. माझ्या मागं माझ्या टोळीच्या बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. अजून तीन दिवस होते.

"पोटुशी आहे," मी म्हटलं. मोठ्यानं. "तीन महिने होतायत. मला माहीत होतं. मीच तिला तिथं ठेवलं."

 कमळीनं तोंडावर हात ठेवला.

प्रमिलाला जीपमधून आणलं. डॉक्टरांनी तिला तपासलं, एका मशीनखाली झोपवून मोजलं. साहेबांनी सगळं तिला समजावून सांगितलं, मी बाजूला उभी असताना. वायू, नळी, नायलॉन, सुती. सुती कुणी नेसवलं तेही; ते मीच त्यांना सांगितलं होतं. ती ऐकत होती. पोटावर हात होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "प्रमाण फार कमी आहे. काळजीचं कारण दिसत नाही."

"तुमचा हिरवा दिवाही हेच सांगत होता," मी म्हटलं. 

पुढं मुलगी झाली, धडधाकट, आजही आहे, मला उलट बोलते. पण त्या संध्याकाळी ते कुणाला ठाऊक होतं? त्या संध्याकाळपायी मी तिच्या प्रत्येक तापाला, प्रत्येक खोकल्याला उठून बसलेय. ते कुठल्या वहीत नाही.

दिवेलागणीला साहेबांनी रिपोर्ट तयार केला. माझी सही हवी होती. मी म्हटलं, वाचल्याशिवाय करणार नाही, आणि मला वाचता येत नाही. साहेबांनी वाचायला सुरुवात केली. नळीचं सगळं होतं, नोंदवहीचं होतं, त्यांनी स्वतः चौकट बंद करायला लावली तेही होतं. तो माणूस वाईट नव्हता, म्हटलंच मी. मग ओळ आली, "महिला कामगारांनी अज्ञानामुळे सुती साड्या वापरल्यानं धोक्याची सूचना मिळाली नाही."

"थांबा. ते अज्ञानामुळे काढा."

"मावशी, ते तुमच्या भल्यासाठीच आहे. त्यानं तुमच्यावर काही येत नाही."

"साडीमुळे वाजतं हे मला कळलं होतं. तुम्हांला सांगायचं नाही हे मी ठरवलं होतं. त्यात अज्ञान कुठं आलं?"

"मग काय लिहू?"

"लिहा, भागीरथी पागधरे हिला आपल्या नावाला बट्टा लागू द्यायचा नव्हता, म्हणून."

"रिपोर्टात असं लिहीत नाहीत."

"मग सही नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. अज्ञानामुळे खोडलं आणि मी सांगितलं तसं लिहिलं, शब्दन् शब्द. मी कागद घेतला आणि प्रमिलासमोर धरला.

"वाच. बरोबर लिहिलंय का बघ."

तिनं वाचलं, मोठ्यानं, शाळेत वाचतात तसं. माझ्या नावापाशी आली तेव्हा थांबली.  मग तिनं ती ओळ शेवटपर्यंत वाचली, एकही शब्द न गाळता. कागद टेबलावर ठेवला, पेन माझ्या हातात दिलं आणि जिथं सही करायची त्या जागेवर आपलं बोट ठेवलं. बोट हलत नव्हतं. 

"इथं, आई," ती म्हणाली.

दुपारपासून माझ्याशी बोललेला तो तिचा पहिला शब्द होता.